विंडोज नव्याने टाकली आणि नेट गेलं? आधी ड्रायव्हर, मग आयपी, मग बाकीचं

विंडोज रिपेअर केली किंवा दुकानात नेऊन नवीन मारून आणली, पीसी झकास चालू झाला, आणि नेटच नाही. अशा वेळी बहुतेक घरांत पहिला फोन जातो केबलवाल्याला. तो सांगतो राउटर बंद करून चालू करा, ते करून होतं, मग घरातलं कोणीतरी हुशार राउटरच्या मागच्या बारीक भोकात पिन घालून दहा सेकंद दाबून धरतं आणि मग पीसीचं तर नाहीच, मोबाईलचं वायफायपण जातं. एक प्रॉब्लेम होता तिथे दोन झाले.

काल रिपेअरच्या आधी नेट चालू होतं ना? मग बदललं ते पीसीच्या आत, राउटरमध्ये नाही. त्यामुळे शोधायचं पण पीसीच्या आत, आणि खालून वर या क्रमाने. आधी नेटवर्क कार्ड विंडोजला दिसतंय का (म्हणजे ते चालवणारं छोटं सॉफ्टवेअर, ड्रायव्हर, आहे का), मग त्याला पत्ता, म्हणजे आयपी, मिळालाय का, मग बाहेर जाता येतंय का, आणि शेवटी साइट उघडतात का. मधली पायरी गाळून थेट कमांड मारत बसलात तर संध्याकाळ जाते आणि कळत काहीच नाही.

खालचं सगळं विंडोज १० आणि ११ साठी आहे. (१० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, पण नेट न लागण्याशी त्याचा संबंध नाही, कोणी तसं सांगून नवीन पीसी गळ्यात मारत असेल तर ऐकू नका.) कमांड मी उच्चाराप्रमाणे लिहितोय, टाईप अर्थातच इंग्रजीत करायच्या.

तयारी: हात लावायच्या आधी

हे जवळ घेऊन बसा:

- अँड्रॉइड मोबाईल आणि त्याची डेटा केबल. नुसती चार्जिंगची स्वस्त केबल चालत नाही, तिच्यातून डेटा जातच नाही आणि लोक अर्धा तास टेदरिंगचं (मोबाईलचं नेट केबलने पीसीला देण्याचं) बटण शोधत बसतात.
- एक लॅन केबल. रोज वायफाय वापरत असाल तरी तपासायला लागते.
- पेनड्राइव्ह.
- ब्रॉडबँडचा युजरनेम-पासवर्ड. हा वायफायचा पासवर्ड नव्हे, कनेक्शन घेताना ऑपरेटरने दिलेला. पहिल्या पावतीवर असतो किंवा जुन्या एसएमएसमध्ये.
- मॉडेल नंबर. लॅपटॉपचा खालच्या स्टिकरवर असतो. असेंबल केलेल्या पीसीला मदरबोर्डचा हवा, त्यासाठी स्टार्टमध्ये ‘सिस्टम इन्फर्मेशन’ उघडा आणि ‘बेसबोर्ड प्रॉडक्ट’ समोर काय आहे ते लिहून घ्या.

आणि एक प्रश्न दुकानदाराला किंवा स्वतःला विचारा, रिपेअर म्हणजे नेमकं काय केलं? चालू विंडोजमधूनच सेटअप चालवून वरच्यावर टाकली असेल तर सॉफ्टवेअर, ड्रायव्हर आणि जुनी सेटिंग बहुतेक तशीच राहतात, जुना कचरासुद्धा, म्हणून तुमचं उत्तर बहुधा पायरी ५ मध्ये सापडेल. ‘रिसेट धिस पीसी’ केलं असेल तर ‘कीप माय फाइल्स’ निवडलं असेल तरच फाइली राहतात, पण वेगळे टाकलेले सॉफ्टवेअर आणि ड्रायव्हर उडतात. आणि फॉरमॅट मारला असेल तर काहीच उरत नाही. या दोन्हींत पायरी २ वर जास्त वेळ द्या.

पायरी १: बिघाड खरंच पीसीचाच आहे ना

मोबाईलचा डेटा बंद करा, वायफाय चालू ठेवा, आणि आधी कधी न उघडलेली एखादी साइट उघडा. उघडली तर राउटर आणि लाईन ठणठणीत आहे, त्यांचा विषय संपला.

उघडली नाही तर फायबरच्या डब्याकडे बघा. ‘एलओएस’ नावाचा दिवा लाल झाला असेल तर सिग्नलच येत नाहीये, विंडोजचा त्यात काही दोष नाही, योगायोगाने आजच वायर तुटली. इथेच थांबा आणि ऑपरेटरला फोन करा.

लॅन केबल वापरत असाल तर पीसीच्या मागे जिथे ती लागते तिथले दोन बारके दिवे बघा. पेटले नाहीत तर केबल काढून खट्ट आवाज येईपर्यंत परत बसवा. दुकानातून पीसी आला की घाईत केबल अर्धवट लागणं हे फार कॉमन आहे.

⚠ राउटरच्या मागचं रिसेटचं भोक या पूर्ण प्रकरणात कुठेच लागत नाही. त्याने राउटरमध्ये भरलेला ब्रॉडबँडचा युजरनेम-पासवर्ड पुसला जाऊ शकतो, आणि मग ऑपरेटरचा माणूस घरी येईपर्यंत सगळं घर बसून राहतं. बंद करून चालू करायचं तर स्विचने करा.

पायरी २: कार्ड विंडोजला दिसतंय का

सगळ्यात जास्त वेळ इथे घालवा, कारण फॉरमॅटनंतरची बहुतेक प्रकरणं इथेच सुटतात.

विंडोजचं बटण आणि एक्स एकत्र दाबा, यादीतून ‘डिव्हाइस मॅनेजर’ उघडा, आणि त्यात ‘नेटवर्क अडॅप्टर्स’ वर क्लिक करा. आता काय दिसतं त्यावर पुढचं ठरतं.

रियलटेक, इंटेल, क्वालकॉम, मीडियाटेक असं काहीतरी नाव आहे आणि त्यावर कुठलीही खूण नाही: कार्ड आणि ड्रायव्हर ठीक, पायरी ३ वर जा.

नावावर खाली तोंड केलेला बाण आहे: कार्ड बंद करून ठेवलंय. राइट क्लिक, ‘एनेबल डिव्हाइस’.

नावावर पिवळा त्रिकोण आहे: ड्रायव्हर चुकीचा किंवा अर्धवट पडलाय.

फक्त ‘वॅन मिनीपोर्ट’ नावाच्या पाच-सहा ओळी आहेत: इथे भलेभले फसतात. यादी भरलेली दिसते म्हणून वाटतं कार्ड आहे. वॅन मिनीपोर्ट हे विंडोजचे स्वतःचे कागदोपत्री अडॅप्टर, खरं कार्ड त्यात एकही नाही. मग खाली ‘अदर डिव्हाइसेस’ मध्ये बघा, तिथे त्रिकोण लावून ‘इथरनेट कंट्रोलर’ किंवा ‘नेटवर्क कंट्रोलर’ बसलेलं असेल. पहिलं म्हणजे लॅन, दुसरं बहुतेक वेळा वायफाय. विंडोजला कळतंय की काहीतरी हार्डवेअर आहे, पण ते चालवायचं कसं ते माहीत नाही.

‘अदर डिव्हाइसेस’ मध्येही काही नाही: मग कार्ड बायोसमध्ये (विंडोजच्या आधी चालू होणारी मदरबोर्डची सेटिंग) बंद केलंय, किंवा कॅबिनेट उघडलं तेव्हा सैल झालं, किंवा यूएसबीचा वायफाय डोंगल दुकानातच राहिला. शेवटचं हसण्यासारखं वाटेल पण आधी तेच तपासा.

ड्रायव्हर आणायचा कसा, नेट तर नाहीये?

मोबाईलने. मोबाईल घरच्या वायफायला जोडा, डेटा केबलने पीसीला लावा, मोबाईलच्या सेटिंगमध्ये हॉटस्पॉटच्या पानावर ‘यूएसबी टेदरिंग’ चालू करा. पीसीला मोबाईल म्हणजे एक लॅन कार्ड वाटतं आणि त्यासाठी लागणारा ड्रायव्हर विंडोजमध्ये असतोच. मोबाईल वायफायवर असेल तर बहुतेक अँड्रॉइड फोन घरचंच नेट पुढे पाठवतात, तुमचा रोजचा दीड-दोन जीबीचा पॅक खर्च होत नाही. विंडोज ११ चं सेटअप ‘नेटवर्कला जोडा’ या पानावर अडकून बसलं असेल तर तिथेही हीच युक्ती चालते.

✔ तपासणी: टेदरिंगवर साइट उघडल्या का? उघडल्या तर फार मोठी गोष्ट कळली, विंडोजची नेटची बाजू शाबूत आहे आणि दोष फक्त कार्डाच्या ड्रायव्हरमध्ये आहे. आता कमांड मारायची, नेटवर्क रिसेट करायची काहीच गरज नाही. टेदरिंगवरही उघडल्या नाहीत तर ड्रायव्हरसोबत पायरी ५ पण करावी लागेल.

⚠ मोबाईल डेटावर टेदर करत असाल तर नेट लागल्याबरोबर विंडोज अपडेट गपचूप जीबीच्या जीबी ओढायला लागतं. आधी सेटिंगमध्ये त्या कनेक्शनला ‘मीटर्ड’ (डेटा मोजून वापरायचं) करा. मीटर्डवर विंडोज स्वतःहून ड्रायव्हरपण आणत नाही हे लक्षात ठेवा, ड्रायव्हर हाताने उतरवायचा.

उतरवायचा कुठून तर लॅपटॉप कंपनीच्या किंवा मदरबोर्ड कंपनीच्या स्वतःच्या साइटवरून, सपोर्टमध्ये जाऊन, लिहून घेतलेला मॉडेल नंबर टाकून. डेल, एचपी, लेनोवो, असुस, गिगाबाइट सगळ्यांच्या साइटवर मिळतो. टेदर केलेला मोबाईल वायफायवर असेल तर आधी विंडोज अपडेटमध्ये ‘ऑप्शनल अपडेट्स’ बघा, बऱ्याचदा तिथेच तयार असतो.

मॉडेल नंबरच सापडत नसेल तर हार्डवेअर आयडी बघायचा. त्रिकोणवाल्या नावावर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, डिटेल्स, आणि यादीतून ‘हार्डवेअर आयडीज’. एक लांबलचक ओळ दिसेल, तिच्यात ‘व्हीईएन’ नंतर अंडरस्कोर देऊन चार अक्षरं-आकडे असतात, तो कंपनीचा नंबर. १०ईसी म्हणजे रियलटेक, ८०८६ म्हणजे इंटेल, १४ई४ म्हणजे ब्रॉडकॉम, १६८सी म्हणजे क्वालकॉम अ‍ॅथेरॉस, १४सी३ म्हणजे मीडियाटेक. पुढे ‘डीईव्ही’ नंतरचे चार म्हणजे मॉडेल. घरगुती पीसीत १०ईसी आणि ८१६८ ही जोडी सारखी भेटते, ते रियलटेकचं गिगाबिट लॅन.

उतरलेली फाइल सेटअपची असेल तर डबल क्लिक करून टाका. झिप असेल तर आधी ती पूर्ण उघडून फोल्डर करा, मग डिव्हाइस मॅनेजरमध्ये राइट क्लिक, ‘अपडेट ड्रायव्हर’, ‘ब्राउज माय कॉम्प्युटर’, तो फोल्डर दाखवा आणि खालची ‘सबफोल्डर्स’ ची टिक ठेवा. झिपच्या आतूनच चालवायला जाणं ही नेहमीची चूक, चालल्यासारखं वाटतं पण टाकत काहीच नाही.

⚠ ‘फ्री ड्रायव्हर अपडेटर’ छाप सॉफ्टवेअर अजिबात टाकू नका. एका लॅन ड्रायव्हरसाठी चार जाहिरातवाले पाहुणे घरात येतात आणि नंतर पायरी ५ मधला प्रॉक्सीचा (नेटच्या वाटेत मधे बसणारा सर्व्हर) घोळ हेच करून ठेवतात.

ड्रायव्हर टाकून झाल्यावर ‘रिस्टार्ट’ करा, ‘शट डाऊन’ नाही. फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शट डाऊनमध्ये विंडोज खरी बंद होतच नाही, अर्धी झोपते आणि तीच जुनी अवस्था घेऊन उठते. रिस्टार्ट मात्र खरं असतं.

लॅपटॉपमध्ये कार्ड दिसतंय, ड्रायव्हर आहे, तरी वायफायचं बटणच राखाडी? एअरप्लेन मोड बघा, कीबोर्डवर वरच्या रांगेत विमानाचं किंवा अँटेनाचं चित्र असलेली की बघा, काही जुन्या मॉडेलला बाजूला सरकवायचा खटका असायचा तोही बघा. त्यानेही नाही तर स्टार्टमध्ये ‘सर्व्हिसेस’ उघडून ‘डब्ल्यूलॅन ऑटोकॉन्फिग’ चालू आहे का आणि ‘ऑटोमॅटिक’ वर आहे का ते बघा.

पायरी ३: पत्ता मिळाला का

टेदरिंग आता बंद करा, नाहीतर पुढच्या सगळ्या तपासण्या मोबाईलच्या नेटवर होतील आणि तुम्हाला वाटेल झालं.

स्टार्टमध्ये ‘सीएमडी’ टाईप करून काळी खिडकी उघडा आणि टाका: आयपीकॉन्फिग, स्पेस, स्लॅश ऑल. ढीगभर ओळी येतील, तुमच्या कार्डाच्या नावाखालची ‘आयपीव्ही४ अ‍ॅड्रेस’ आणि ‘डीफॉल्ट गेटवे’ (म्हणजे राउटरचा पत्ता) एवढीच बघा.

‘मीडिया डिसकनेक्टेड’ आलं तर केबल लागलेली नाही किंवा वायफायला जोडलेलंच नाही.

१६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता म्हणजे राउटरने काही दिलं नाही म्हणून विंडोजने स्वतःच कसातरी घेतलेला पत्ता. याने नेट कधीच चालणार नाही.

१९२.१६८ ने सुरू होणारा (किंवा काही ठिकाणी १० ने) आणि गेटवेसमोरही आकडे आहेत, जसं १९२.१६८.१.१ किंवा जिओच्या राउटरला असतो तसा १९२.१६८.२९.१, तर पत्ता मिळाला. तरी गेटवेला पिंग करून बघा (पलीकडून उत्तर येतं का ते तपासणारी कमांड), म्हणजे पिंग, स्पेस आणि तो गेटवेचा आकडा. ‘रिप्लाय फ्रॉम’ आलं की पुढे. काही राउटर पिंगला उत्तर देत नाहीत, मग तोच आकडा ब्राउझरमध्ये टाकून राउटरचं लॉगिनचं पान उघडतं का ते बघा.

१६९.२५४ वाल्यांनी स्टार्टमधून ‘व्ह्यू नेटवर्क कनेक्शन्स’ उघडा, कार्डावर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, ‘इंटरनेट प्रोटोकॉल व्हर्जन ४’ वर डबल क्लिक. दोन्ही ठिकाणी ‘ऑटोमॅटिकली’ ला टिक हवी. ‘सर्व्हिसेस’ मध्ये ‘डीएचसीपी क्लायंट’ चालू आहे का तेही बघा.

⚠ याच्या उलटी केसपण असते. तुमच्या ऑपरेटरने हाताने भरायचा पत्ता दिला होता आणि फॉरमॅटमध्ये तो गेला, तर ऑटोमॅटिकवर काही होणार नाही. त्या बॉक्समध्ये आधीपासून आकडे भरलेले दिसले तर पुसायच्या आधी मोबाईलने फोटो काढा.

पायरी ४: वायर थेट पीसीत येत असेल तर

ज्यांच्याकडे राउटर आहे त्यांनी ही पायरी सोडा. पण बऱ्याच गावांत आणि जुन्या सोसायट्यांत अजून लोकल केबलवाल्याची वायर जिन्यातल्या स्विचमधून सरळ पीसीत येते, आणि रोज सकाळी ‘ब्रॉडबँड कनेक्शन’ वर क्लिक करून कनेक्ट करायची सवय असते. फॉरमॅटमध्ये तो आयकॉन उडतो आणि लोक म्हणतात नेट गेलं. नेट आहे, फक्त डायल करणारं कोणी नाही.

सेटिंग्ज, नेटवर्क अँड इंटरनेट, डायल-अप, ‘सेट अप अ न्यू कनेक्शन’, मग इंटरनेट, मग ‘ब्रॉडबँड पीपीपीओई’. युजरनेम-पासवर्ड टाका, ‘रिमेंबर’ ला टिक करा, कनेक्ट.

एरर ६५१ आली तर युजरनेम-पासवर्डच्या मागे लागू नका, पीसीचा आवाज पलीकडे पोचतच नाहीये. केबल, पोर्टचा दिवा, जिन्यातल्या स्विचची लाईट, आणि मग ड्रायव्हर बघा.

एरर ६९१ म्हणजे पोचलं पण आत घेतलं नाही. स्पेलिंग, कॅपिटल-स्मॉल, शेवटी चुकून पडलेली स्पेस, संपलेला रिचार्ज. हे सगळं बरोबर असेल तर दोन शक्यता. एक, तोच युजरनेम दुसरीकडे कुठे चालू आहे. दोन, ऑपरेटरने तुमचं कनेक्शन जुन्या कार्डाच्या ओळख क्रमांकाला, म्हणजे मॅक अ‍ॅड्रेसला बांधलंय आणि रिपेअरमध्ये मदरबोर्ड किंवा कार्ड बदललंय. आयपीकॉन्फिगमध्ये ‘फिजिकल अ‍ॅड्रेस’ समोर बारा अक्षरं-आकडे दिसतात ते वाचून दाखवा आणि म्हणा, दादा मॅक बदललाय, नवीन बाइंड करून द्या. एवढं बोललात की त्याचं पण काम दोन मिनिटांचं होतं, ‘नेट चालत नाही’ म्हटलं की तो राउटर रिस्टार्टवरच अडकतो.

पायरी ५: पत्ता आहे, साइट उघडत नाहीत

तीन गोष्टी याच क्रमाने बघा.

तारीख-वेळ. खाली उजव्या कोपऱ्यात बघा. जुन्या पीसीची मदरबोर्डवरची सीआर२०३२ बॅटरी संपलेली असेल तर दुकानातून घरी येईपर्यंत घड्याळ काही वर्षं मागे जातं, आणि मग प्रत्येक साइट ‘कनेक्शन प्रायव्हेट नाही’ म्हणत बसते. तारीख दुरुस्त करा, बॅटरी घड्याळवाल्याकडेही मिळते.

पिंग. आधी पिंग ८.८.८.८ (गूगलचा सर्व्हर) आणि मग पिंग गूगल डॉट कॉम. दोन्हीला उत्तर आलं तर लाईन ठीक, बिघाड ब्राउझरच्या बाजूला, म्हणजे प्रॉक्सी. पहिल्याला आलं, दुसऱ्याला नाही, तर डीएनएस, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा आकडी पत्ता शोधणारी सोय. व्हर्जन ४ च्या त्याच बॉक्समध्ये खालच्या भागात डीएनएस हाताने ८.८.८.८ आणि १.१.१.१ भरा. पहिल्यालाच ‘जनरल फेल्युअर’ आलं तर जुन्या अँटीव्हायरसची किंवा व्हीपीएनची शेपटी आत राहिलीये असं धरून चाला.

प्रॉक्सी. सेटिंग्ज, नेटवर्क अँड इंटरनेट, प्रॉक्सी. खालचं ‘यूज अ प्रॉक्सी सर्व्हर’ बंद हवं. ऑफिसचा लॅपटॉप असेल तर मात्र हात लावू नका, ऑफिसमध्ये विचारा.

अँटीव्हायरसची शेपटी काढायची तर नुसतं अनइन्स्टॉल पुरत नाही. मोठ्या कंपन्यांची स्वतःची रिमूव्हल टूल असतात, ती त्यांच्याच साइटवरून घ्या. वरच्यावर टाकलेल्या रिपेअरनंतर हा प्रकार जास्त दिसतो, कारण अँटीव्हायरसचे अर्धे भाग नव्या विंडोजशी जमत नाहीत आणि ते नेटच्या वाटेतच आडवे पडलेले असतात.

पायरी ६: कमांड, आणि सगळ्यात शेवटी नेटवर्क रिसेट

इथपर्यंत येऊनही नाही झालं तरच. सीएमडीवर राइट क्लिक करून ‘रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’, नाहीतर कमांड चालतच नाहीत आणि लोक एरर न वाचता पुढची मारतात. एकेक ओळ टाकून एंटर:

१. नेटएसएच विनसॉक रिसेट
२. नेटएसएच आयएनटी आयपी रिसेट
३. आयपीकॉन्फिग स्लॅश फ्लशडीएनएस

प्रत्येक शब्दानंतर स्पेस, फक्त स्लॅश आणि त्याच्या पुढच्या शब्दात नाही. नेटएसएच सलग लिहायचं. विनसॉकचं स्पेलिंग म्हणजे विंडोजमधला ‘विन’ आणि पायमोज्यातला ‘सॉक’. दुसऱ्या कमांडने हाताने भरलेला पत्ता उडतो, फोटो काढलाय ना? मग रिस्टार्ट.

त्यानेही नाही झालं तर नेटवर्क रिसेट. विंडोज १० मध्ये ‘स्टेटस’ च्या पानावर खाली, ११ मध्ये ‘अ‍ॅडव्हान्स्ड नेटवर्क सेटिंग्ज’ मध्ये. हे सगळी कार्डं काढून परत बसवतं, वायफायचे सगळे पासवर्ड विसरतं, व्हीपीएन पुन्हा टाकावं लागू शकतं आणि पाच मिनिटांत पीसी स्वतः रिस्टार्ट होतो. म्हणून शेवटी. ज्यांचा ड्रायव्हरच नाही त्यांनी हे करून काही उपयोग नाही, नसलेलं कार्ड परत बसणार कुठून.

✔ तपासणी: साइट उघडतायत पण कोपऱ्यात अजून ‘नो इंटरनेट’ चा गोल दिसतोय? तो विंडोज एका ठराविक पत्त्यावर जाऊन करते त्या चाचणीचा निकाल आहे, प्रॉक्सी-व्हीपीएनमुळे कधी कधी नापास होते. एकदा रिस्टार्ट करा आणि सोडून द्या.

पायरी ७: नेट लागल्यावर लगेच

पेनड्राइव्ह लावा, तो डी असेल असं धरतो, त्यावर ‘ड्रायव्हर्स’ नावाचं फोल्डर करा. अ‍ॅडमिनिस्ट्रेटरवाल्या सीएमडीमध्ये: पीएनपीयूटिल, स्पेस, स्लॅश एक्स्पोर्ट-ड्रायव्हर (मधे आडवी रेघ), स्पेस, स्टार, स्पेस, आणि त्या फोल्डरचा पूर्ण पत्ता. वेगळे टाकलेले सगळे ड्रायव्हर त्यात येतात. पुढच्या वेळी विंडोज मारली की डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘ब्राउज’ करून हेच फोल्डर दाखवायचं. पेनड्राइव्हवर मार्करने पीसीचं नाव लिहा आणि कॅबिनेटलाच चिकटपट्टीने लावून ठेवा, दुकानात जाईल तेव्हा बरोबरच जाईल.